लाँच बेटाला का भिडत नाही?
मुंबई बंदरातल्या बेटांची गोष्ट: भरती, गाळ आणि पंचांग

गेटवे ऑफ इंडियाहून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरीला पोहोचते. अंतर दहा-अकरा किलोमीटरचं. पण लाँच बेटाला भिडत नाही. ती लागते समुद्रात लांबवर आलेल्या धक्क्याच्या टोकाला. तिथून काठापर्यंत शेकडो मीटर चालायचं, नाहीतर धक्क्यावरच्या छोट्या गाडीत बसायचं. मुलांना गाडीची मजा वाटते. मोठ्यांना वाटतं, पर्यटकांकडून चार पैसे जास्त काढायची ही युक्ती. पण गाडी नंतर आली. मुळात एवढा लांब धक्का बांधायची वेळ का आली?

अशी कोडी आणखीही आहेत. सकाळी उतरताना लाँचमधून सरळ धक्क्यावर पाऊल ठेवलेलं असतं. संध्याकाळी परतताना त्याच जागी शेवाळलेल्या पायऱ्या जपून उतराव्या लागतात. वाटेत तीन-चार बेटं दिसतात, पण त्यांतल्या एकाही बेटावर उतरता येत नाही. एकावर तेलाच्या टाक्या, दुसऱ्यावर जुनी तटबंदी, आणि घारापुरीवर मात्र लेणी, गावं आणि काकडी-कैरी विकणाऱ्या बायका. एकाच बंदरातल्या बेटांच्या वाट्याला इतकं वेगवेगळं आयुष्य का यावं?

या सगळ्यांच्या मुळाशी एकच हिशेब आहे: ओहोटीला कुठे किती पाणी उरतं.

बुडालेल्या डोंगरांचे माथे

आधी बेटं आली कुठून ते पाहू. मुंबई, घारापुरी, उरण आणि समोरचा कोकण किनारा यांचा पाया काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे एकावर एक थर साचले, त्यांतलेच हे. घाटावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यापासून पश्चिमेला मात्र ते समुद्राकडे कललेले आहेत. हा कल आणि खडकातल्या उत्तर-दक्षिण भेगा यांच्यामुळे इथे डोंगरांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये लांबट दऱ्या तयार झाल्या.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं पुष्कळसं पाणी बर्फाच्या रूपात अडकून पडलं होतं. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बॉम्बे हायचे तेलमंच आज जिथे उभे आहेत तिथे समुद्र पंचाहत्तर-ऐंशी मीटर खोल आहे. म्हणजे तेव्हा ती कोरडी जमीन होती आणि किनारा मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता. त्या काळी कोणी गेटवेच्या जागेवरून घारापुरीला निघाला असता, तर दरी उतरून पुन्हा डोंगर चढून पायी पोहोचला असता.

पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि दरीत पाणी शिरलं. आपण आज ज्याला मुंबईचं नैसर्गिक बंदर म्हणतो ती ही बुडालेली दरी. पाण्याबाहेर उरलेले माथे म्हणजे बेटं. इथली जमीन बुडाल्याचा एक ढळढळीत पुरावा खुद्द मुंबईत मिळाला. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चाललं असताना गाळाखाली जुन्या जंगलातल्या झाडांचे बुंधे सापडले, त्यांत खैराचे बरेच होते. खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे ती जागा कधीकाळी कोरडी होती. समुद्र वर आला की जमीन खचली, की दोन्ही घडलं, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. जंगल पाण्याखाली गेलं याबद्दल मात्र शंका नाही.

या दरीला मुंबई आणि साष्टी यांची भिंत पश्चिमेकडून आडवी आली. अरबी समुद्राच्या लाटा तिच्यावर आदळतात, आतलं पाणी त्या मानाने शांत राहतं. बंदराचं तोंड नैऋत्येला उघडं आहे. त्यामुळे पावसाळ्यात तोंडाजवळ समुद्र खवळतो. गेटवे ते मांडवा ही लाँचसेवा म्हणूनच पावसाळ्यात बंद ठेवावी लागते. घारापुरी त्या मानाने आत आणि आडोशाला आहे, तरी पावसाळ्यात तिथली फेरीही त्या दिवशीच्या हवामानावरच अवलंबून असते.

पाणी किती चढतं, किती उतरतं?

मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, चढउतार कमी होतो. ही भांगाची भरती.

गेटवेलगतच्या अपोलो बंदरावर उधाणाच्या भरतीची पातळी सरासरीने सुमारे ४.४ मीटर असते आणि ओहोटीची सुमारे ०.८ मीटर. फरक झाला साडेतीन मीटरहून जास्त, म्हणजे घराच्या एका मजल्याएवढा. भांगाच्या दिवसांत भरती ३.३ मीटरच्या आसपास आणि ओहोटी १.९ मीटरच्या आसपास असते. तेव्हा फरक दीड मीटरदेखील भरत नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्रं साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा छापतात, त्या या हिशेबातल्या वरच्या टोकाच्या. धक्क्याच्या पायऱ्या सकाळी गायब आणि संध्याकाळी हजर का असतात, त्याचं उत्तर इथे मिळालं.

पण मुंबईला एवढा फरक का? गोव्यात हाच फरक दोन मीटरच्या आसपास असतो आणि गुजरातेत भावनगरला तो दहा मीटरच्या घरात जातो. चंद्र तर तिन्ही ठिकाणी तोच. वेगळा आहे तो समुद्राचा तळ. मुंबईसमोर किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. गोव्यासमोर हा पट्टा बराच अरुंद आहे. भरती ही प्रत्यक्षात एक अतिशय लांब लाट असते. खोल समुद्रातून ती उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो; मागून येणारं पाणी पुढच्याला गाठतं आणि लाट उंच होते. उथळ पट्टा जितका रुंद, तितकी ही उंची वाढायला वाव. उत्तरेला खंभातचं आखात आणखी चिंचोळं होत जातं, म्हणून तिथे पाणी त्याहून चढतं.

गाळाचं गणित

उभ्या कड्याशी पाणी साडेतीन मीटर उतरलं तरी काठ जागचा हलत नाही. घारापुरीचा काठ तसा नाही. खोल हंड्यातून तांब्याभर पाणी काढलं तर पातळी थोडी खाली जाते, पण पाणी कडेला टेकलेलंच राहतं. जरा कललेल्या पसरट परातीतून तेवढंच पाणी काढलं तर काठ वीतभर मागे सरकतो आणि परातीचा तळ उघडा पडतो. घारापुरीभोवतीचा तळ हा परातीसारखा आहे.

साधा हिशेब करू. समजा तळ दर शंभर मीटरला एक मीटर खाली जातो. उधाणाच्या दिवशी पाणी ३.६ मीटर उतरलं, तर ३६० मीटर रुंदीचा चिखल उघडा पडेल. भांगाच्या दिवशी दीडशे मीटरच्या आत. शिवाय लाँचच्या बुडाखाली मीटर-दीड मीटर पाणी हवं, नाहीतर ती गाळात रुतणार. कुठल्याही तिथीला आणि कुठल्याही वेळी लाँच लागायची असेल, तर धक्का या सगळ्या पट्ट्याच्या पलीकडे न्यायला हवा. म्हणून तो एवढा लांब.

एवढा गाळ येतो कुठून? बेसॉल्ट उन्हापावसात कुजून बारीक काळी-तांबडी माती होते. पाताळगंगा आणि अंबा या नद्या ती धरमतरच्या खाडीतून आणतात, पनवेल आणि ठाण्याच्या खाड्याही आपापली भर घालतात. गोड्या पाण्यात मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटतात, कारण त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असतो. ते तरंगत राहतात. खारं पाणी लागलं की मिठातल्या विरुद्ध भारामुळे हा दुरावा कमी होतो, कण चिकटून गठुळ्या होतात आणि जड झाल्यावर तळाशी बसतात. नद्यांची माती खोल समुद्रात न जाता खाडीच्या तोंडाशीच साचते ती यामुळे. पुढे तिवरांची मुळं हा गाळ धरून ठेवतात.

मग सगळं बंदर गाळाने भरून का गेलं नाही? कारण भरती-ओहोटी. ठाणे, पनवेल आणि धरमतर या खाड्या भरायला लागणारं सगळं पाणी दिवसातून दोनदा बंदरातून आत जातं आणि दोनदा बाहेर येतं. मधल्या खोल वाटेत प्रवाहाला वेग असतो, तो गाळ बसू देत नाही. कडेला आणि बेटांच्या आडोशाला पाणी मंदावतं आणि गाळ साचतो. म्हणूनच मध्ये जहाजांपुरती खोल वाट आणि कडेला पायाखाली चिखल, असं या बंदराचं रूप आहे. मोठ्या जहाजांसाठी ही वाटही उपसून खोल ठेवावी लागते. बंदराचं पाणी गढूळ दिसतं ते केवळ शहराच्या सांडपाण्यामुळे नव्हे. प्रवाहाने ढवळलेला हा गाळही त्यात असतो.

प्रत्येक बेटाचं नशीब वेगळं

आता लाँचमधून दिसणारी बेटं एकेक करून पाहू.

गेटवेसमोर ऑयस्टर रॉक आणि मिडल ग्राउंड ही दोन इवलीशी खडकाळ बेटं आहेत. गाव वसावं एवढी जागा त्यांच्यावर नाही, पण ती जहाजांच्या वाटेलगत उभी आहेत. येणारं जहाज तोफेच्या टप्प्यात येणारच. ब्रिटिशांनी इथे तोफखाने बांधले. आज ही बेटं नौदलाच्या ताब्यात आहेत, म्हणून प्रवाशांना बंद.

पुढे बुचर बेट, अधिकृत नाव जवाहर द्वीप. तेलवाहू जहाजाला खोल पाणी हवं आणि तेलाच्या साठ्याला वस्तीपासून अंतर हवं. या बेटाला दोन्ही साधलं आहे. कच्चं तेल इथे उतरतं आणि नळांतून चेंबूर-माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जातं. ऑक्टोबर २०१७मध्ये वीज पडून इथल्या डिझेलच्या एका टाकीला आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली. असा साठा भर वस्तीत असता तर काय झालं असतं, ही कल्पना केली की बेट निवडण्यामागचं कारण कळतं.

काही बेटांच्या बाबतीत उथळ पाणीच त्यांचं बेटपण घेऊन गेलं. मुंबईची सात बेटं एकमेकांना जोडता आली, कारण त्यांच्यामधल्या खाड्या ओहोटीला बऱ्याचशा उघड्या पडत. बांध घातला, भराव टाकला की जमीन तयार. समोरच्या काठावर न्हावा, शेवा आणि उरण-करंजा यांचंही तेच झालं. मधली खाजणं भरून ही बेटं मुख्य जमिनीला मिळाली आणि १९८९मध्ये न्हावाशेवाला देशातलं एक मोठं बंदर सुरू झालं. त्यालाच आपण जेएनपीटी म्हणतो. आज शिवडीहून तिकडे जाणारा सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू लाँचमधून उत्तरेला दिसतो. शिवडीच्या ज्या चिखलावरून तो निघतो, तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी हजारोंनी चरायला येतात. ओहोटीला उघडा पडणारा गाळ त्यांचं ताट आहे.

घारापुरी: चिखलाच्या कडेवरचा डोंगर

घारापुरीला तोफखान्यांच्या बेटांपेक्षा जास्त जागा होती, पाणी साठवता येत होतं आणि सुमारे दीडशे मीटर उंचीच्या दोन टेकड्यांचा आडोसा होता. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं इथे आहेत. मुंबईच्या समोर असलं तरी बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडतं. तिन्ही गावांच्या नावांत ‘बंदर’ आहे ते उगाच नाही. आजच्या बोटींपेक्षा कमी पाण्यावर चालणाऱ्या जुन्या गलबतांना इथे लागता येत असे. भरतीला आत यायचं, ओहोटीला चिखलात टेकून माल उतरवायचा, पुढच्या भरतीला निघायचं. इथे रोमन मद्यकुंभांचे तुकडे आणि कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आहे. म्हणजे शैव लेणी कोरली गेली तेव्हा बेट निर्जन नव्हतं. समुद्री व्यापाराच्या वाटेवरचं ते जागतं ठिकाण होतं.

सुमारे १२० पायऱ्या चढून गेलं की मुख्य लेणं लागतं. बहुतेक अभ्यासक ते सहाव्या शतकाच्या आसपासचं मानतात. इथेही खडकाचाच गुण कामी आला. लाव्हाचा एखादा थर बराच जाड असतो आणि त्यात मोठ्या भेगा कमी असतात. असा थर निवडला तर खांब, छत आणि मूर्ती एकाच दगडात सोडवता येतात. सहा मीटरच्या घरातली महेशमूर्ती अशी एकसंध उभी आहे. १९८७मध्ये ही लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

बेट असल्याची किंमतही गावांनी मोजली. डोळ्यांसमोर मुंबईचा झगमगाट, पण इथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोहोचायला २०१८ साल उजाडलं. त्याआधी जनरेटरवर रात्रीचे काही तास निघत.

खांदेरी: उथळ पाण्यातली लढाई

बंदराच्या तोंडाबाहेर, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी आणि उंदेरी ही जोडी आहे. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईत येणारं-जाणारं जहाज या बेटाच्या नजरेतून सुटत नाही, हे इंग्रजांनीही ओळखलं आणि त्यांनी जहाजांचा वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी, पण बुडाला खोल पाणी आणि शिडाला वारा हवा. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या, उथळ पाण्यातून जाणाऱ्या. नागावच्या खाडीतून रात्री निघून त्या दारूगोळा आणि बांधकामाचं सामान बेटावर पोहोचवत राहिल्या. मराठा आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट सोडलं नाही. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. शेजारची उंदेरी जंजिऱ्याच्या सिद्दीने घेतली आणि तो तिथून त्रास देत राहिला, पण खांदेरी मराठ्यांकडे राहिली. २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तिथे जायला आजही थळच्या कोळ्यांची होडी हाच मार्ग, आणि वेळ ठरवतो तो होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल.

कोणत्या तिथीला जावं?

तांडेल वेळ कशी ठरवतो? त्याच्याकडे भरतीचं एक सोपं गणित असतं: तिथीला पाऊणने गुणा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पौर्णिमा किंवा अमावास्या संपली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं.

हे गणित चालतं कसं? चंद्र रोज आकाशात थोडा उशिरा येतो, तशी भरतीही उशिरा येते. तीस तिथ्यांत हा उशीर चोवीस तासांचा होऊन चक्र पूर्ण होतं. चोवीस तासांना तीसने भागलं की ४८ मिनिटं येतात. पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोपा आकडा. प्रत्यक्षात हा उशीर रोज सारखा नसतो, उधाणात कमी आणि भांगात जास्त असतो. त्यामुळे उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतं. नेमकी वेळ हवी तर छापील भरतीचं कोष्टक पाहावं.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. त्यामुळे उधाणातली सर्वांत खोल ओहोटी कायम सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पडते. पौर्णिमेला घारापुरीला गेलात, तर भर दुपारी बेट पाण्याने वेढलेलं दिसेल आणि परतीच्या शेवटच्या लाँचच्या वेळी धक्क्याच्या बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतील. घरातली वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर हे आधी माहीत असलेलं बरं. अष्टमीच्या आसपास गेलात तर ओहोटी दुपारी येते, पण पाणी फार उतरत नाही. चिखल, तिवरं, खेकडे आणि पाणपक्षी दिवसाच्या उजेडात पाहायचे असतील तर तृतीया-चतुर्थीनंतरचे दिवस धरावेत. तेव्हा सकाळी नऊ-दहाला चांगली खोल ओहोटी मिळते.

| थोडक्यात |
|---|
| • बंदर म्हणजे समुद्र वर आल्यावर पाण्याखाली गेलेली दरी. बेटं म्हणजे तिथल्या डोंगरांचे माथे. |
| • मुंबईत उधाणात पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं, कारण समोरचा उथळ समुद्र फार रुंद आहे. |
| • तळाचा उतार मंद असल्याने ओहोटीला शेकडो मीटर चिखल उघडा पडतो. म्हणून घारापुरीचा धक्का लांब. |
| • खोल वाटेलगतची बेटं तोफांना आणि तेलाला गेली, उथळ पाण्यातली जमिनीला जोडली गेली. |
| • भरतीची वेळ = तिथी × पाऊण. ओहोटी साधारण सहा तासांनी. |
| • घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे शेवटच्या लाँचची वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्यावी. |
| • लाँचमध्ये जीवरक्षक जाकीट अंगात घालावं, हातात धरून बसू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून जीवितहानी झाली होती. हे बंदर मालवाहू, मासेमारी आणि लष्करी बोटींनी सदा गजबजलेलं असतं. |